फर्मा उघडा ठेवावा की कुलपात?
हौशी संगणक-खेळांच्या दुनियेतला एक जुना मसला

व्यापाराच्या या पानावर सुताचे भाव, मजुरी, उधारी आणि वसुली हे विषय नेहमीचे आहेत. या वेळी आम्ही जरा वेगळा माल वाचकांसमोर ठेवत आहोत. तो माल म्हणजे संगणकावरचे खेळ. आणि तेही मोठ्या कंपन्यांनी बनविलेले नव्हेत, तर एकट्या-दुकट्या माणसाने शौक म्हणून, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, रात्री जागून बनविलेले.

यात व्यापाऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. आज कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या घरातली मुले संगणक शिकत आहेत. त्यांपैकी एखाद्याने स्वतःचा खेळ बनविला की घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर प्रश्न उभा राहतो. ही वस्तू लोकांना अशीच द्यायची की विकायची? तिची आतली रचना सर्वांना दाखवायची की कुलपात ठेवायची? हा प्रश्न संगणकाचा दिसतो, पण मुळात तो हुनर, मालकी आणि वारसा यांचा आहे. उस्तादाने रंगाचा नुस्खा शागीर्दाला सांगावा की नाही, हा वाद आपल्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. खेळ बनविणाऱ्यांनी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दोन्ही रस्ते चालून पाहिले आहेत, आणि त्यांचा जमाखर्च आपल्यासमोर आहे. तो पाहणे फायद्याचे ठरेल.

कापड आणि पत्ते

जकार्डवर नक्षीचे कापड काढायचे तर आधी नक्षीचा ग्राफ काढावा लागतो. ग्राफवरून पत्ते पंच होतात आणि पत्ते मागावर चढले की कापड निघते. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डवर पत्त्यांच्या जागी फाइल आली, पण रीत तीच आहे. गिऱ्हाइकाच्या हाती कापड जाते. ग्राफ आणि पत्ते कारखान्यातच राहतात. जाणकार माणूस कापड पाहून नक्षी उचलू शकतो, पण त्याला मेहनत पडते आणि काम हुबेहूब उतरेलच याची खात्री नसते.

संगणकाच्या खेळाचेही असेच आहे. बनविणारा माणूस प्रथम माणसाला वाचता येईल अशा संगणकी भाषेत सगळा हुकूम लिहितो. त्याला सोर्स कोड म्हणतात. हा झाला ग्राफ. त्यावरून यंत्राला समजणारी फाइल तयार होते. हे झाले कापड. खेळणाऱ्याला खेळण्यासाठी कापड पुरते. बनविणाऱ्याने फक्त कापड दिले तर ती बंद पद्धत. त्याने ग्राफही दिला आणि सोबत लेखी परवानगी दिली की वाचा, बदला आणि बदललेले पुढे द्या, तर ती उघडी पद्धत. तिला ओपन सोर्स म्हणतात. हे नाव १९९८ साली रूढ झाले. पण ही चाल त्याहून जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची मोहीम जाहीर केली आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना लिहून दिला.

येथे एक घोटाळा सुरुवातीलाच दूर केला पाहिजे. मोफत आणि उघडा हे दोन वेगळे शब्द आहेत. एखादा खेळ फुकट मिळतो पण त्याचा कोड बंद असतो. एखाद्याचा कोड सर्वांसमोर असतो आणि तरीही खेळ पैसे घेऊन विकला जातो. जीपीएल परवान्यात विकण्याची मनाई नाही. अट एवढीच की ज्याला माल दिला त्याला ग्राफ मिळण्याचा हक्क राहील, आणि त्यानेही पुढच्याला तो हक्क नाकारायचा नाही.

एका खेळाची वंशावळ

१९८० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या तरुणांनी ‘रोग’ नावाचा खेळ बनविला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावरच्या अक्षरांनीच तळघर, भिंती आणि राक्षस दाखविले जात. विशेष असा की तळघराचा नकाशा प्रत्येक वेळी नवा तयार होई, म्हणून खेळ कधी जुना होत नसे. बर्कलेच्या युनिक्स प्रणालीबरोबर हा खेळ देशोदेशीच्या विद्यापीठांत पोहोचला. पण पोहोचले ते फक्त कापड. ग्राफ बरोबर दिलेला नव्हता.

मग काय झाले? मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन-सडबरी शाळेतला जे फेनलासन हा विद्यार्थी या खेळाने भारला गेला. मूळ कोड हाती नसल्याने त्याने १९८२ च्या सुमारास मित्रांच्या मदतीने तसाच खेळ नव्याने लिहिला. त्याचे नाव ‘हॅक’. त्याने मात्र कोड लोकांच्या हाती जाऊ दिला. तो कोड हॉलंडमध्ये अॅम्स्टरडॅमच्या गणित संशोधन केंद्रातल्या आंद्रिएस ब्राउवर यांना मिळाला. त्यांनी तो सुधारून १९८४ च्या अखेरीस संगणकांच्या जाळ्यावरून सर्वांना दिला. पुढे माइक स्टीफनसन या अमेरिकी गृहस्थांनी ते सूत हातात घेतले. इझाक मिलर आणि जॅनेट वॉल्झ त्यांना येऊन मिळाले, आणि १९८७ मध्ये ‘नेटहॅक’ निघाला. हे तिघे दूर दूर राहून जाळ्यावरून काम करीत, म्हणून नावात ‘नेट’ आले.

इझाक मिलर हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. नेटहॅकमध्ये खाणकामगारांचे एक गाव येते. त्या गावात दिव्यांचे दुकान असते आणि त्याच्या दुकानदाराचे नाव इझाक आहे. माणूस गेला, काम थांबले नाही, आणि कामात त्याचे नाव राहिले. ‘रोग’चे बनविणारेही हुशारीत कमी नव्हते. त्यांनी पुढे आपला खेळ बाजारात विकून पाहिला, पण त्यातून मोठी कमाई झाली नाही. आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण पिढ्यान् पिढ्या वाढत गेले ते झाड फेनलासनने उघड्या मैदानात लावलेले होते.

दोन दुकाने, दोन्ही दहा वर्षे बंद

दोन पद्धतींतला फरक पाहायचा तर दोन्हींवर सारखीच आपत्ती आलेली हवी. असे उदाहरण या खेळांतच मिळते.

नेटहॅकची ३.४.३ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये निघाली. त्यानंतर मूळ मंडळींकडून बारा वर्षे नवी आवृत्ती आली नाही. पुढची ३.६.० डिसेंबर २०१५ मध्ये आली. दुसरीकडे जर्मनीतल्या थॉमस बिस्कुप यांनी १९९४ मध्ये ‘अॅडॉम’ नावाचा त्याच जातीचा खेळ काढला. खेळ मोफत होता, पण कोड बंद. कोड उघडला तर खेळातली गुपिते फुटतील आणि बदललेल्या नकला फिरू लागतील, अशी त्यांची भूमिका होती. २००२ च्या नोव्हेंबरातल्या आवृत्तीनंतर अॅडॉमचेही काम सुमारे दहा वर्षे थांबले.

म्हणजे दोन्ही दुकानांची शटरे जवळपास एकाच काळात पडलेली होती. फरक शटराबाहेर दिसला. नेटहॅकच्या चाहत्यांपाशी ग्राफ होता. त्यांनी आपापल्या दुरुस्त्या लिहिल्या, वेगवेगळ्या नावांनी सुधारित खेळ काढले, खेळाचे सार्वजनिक सर्व्हर चालविले आणि नव्या संगणकांवर खेळ चालू ठेवला. त्यांतल्या बऱ्याच कल्पना २०१५ नंतरच्या मूळ खेळात घेतल्या गेल्या. अॅडॉमचे चाहतेही तितकेच प्रेमी होते, पण त्यांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर तराजू खोटा ठरेल. २०१२ मध्ये बिस्कुप यांनी काम पुन्हा सुरू करण्यासाठी लोकांकडे वर्गणी मागितली. मागितले ४८ हजार डॉलर आणि मिळाले सुमारे ९० हजार. २०१५ मध्ये त्यांचा खेळ स्टीम या खेळांच्या मोठ्या बाजारपेठेत विक्रीला आला. दहा वर्षे बंद असलेल्या दुकानापुढे इतकी गर्दी झाली, कारण तो माल दुसऱ्या कोणाकडे मिळत नव्हता. बंद पद्धतीने मालाची एकमेव मालकी टिकली आणि मालकीने किंमत टिकविली. हा नफाही वहीत मांडला पाहिजे.

मालक थकला तर काय?

‘डंजन क्रॉल’ या खेळाची हकीकत आणखी बोलकी आहे. लिन्ली हेन्झेल यांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला आणि कोड उघडा ठेवला. काही वर्षांनी ते बाजूला झाले आणि काम मंदावले. २००६ मध्ये काही खेळाडूंनीच तो कोड उचलून ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ या नावाने काम पुढे नेले. स्टोन सूप म्हणजे दगडाची आमटी. युरोपातली एक लोककथा आहे: भुकेला प्रवासी गावात येऊन पाण्यात दगड उकळत ठेवतो, आणि गावकरी कुतूहलाने एकेक भाजी, मीठ, मसाला आणून टाकतात. शेवटी सर्वांना पुरेल अशी आमटी होते. नाव अगदी साजेसे आहे. आज हा खेळ मूळ लेखकाशिवाय चालला आहे आणि त्याच्या जातीतल्या उत्तम खेळांत गणला जातो.

आपल्याकडे अशी किती हुनरे नष्ट झाली याचा विचार वाचकांनी करावा. रंगाचा पक्का नुस्खा, जरीची एखादी खास टाकी, ठसे कोरण्याची एखादी हातोटी. उस्ताद गेला आणि त्याच्याबरोबर हुनर गेले. मुलाने दुसरी नोकरी धरली, शागीर्दाला अर्धेच माहीत होते, आणि वहीत काही लिहिलेले नव्हते. नफा वाचवायला कुलूप लावले, पण किल्ली कोणाला द्यायची हे ठरविलेच नाही. संगणकाच्या खेळातही बंद पद्धतीचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. तो स्पर्धकाकडून येत नाही. आजारपण, कंटाळा आणि मृत्यू यांच्याकडून येतो.

बंद पद्धतीने पोट भरले ते उदाहरण

टार्न अॅडम्स आणि झॅक अॅडम्स हे अमेरिकेतले दोन भाऊ. टार्न हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणितातले डॉक्टरेट. विद्यापीठाची नोकरी सोडून त्यांनी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाच्या खेळाला वाहून घेतले. डोंगर खोदून वसाहत वसविणाऱ्या बुटक्या लोकांचा हा खेळ ऑगस्ट २००६ मध्ये लोकांसमोर आला. तोही अक्षरांनीच चित्रे दाखविणारा, शिकायला अवघड, पण आत इतका खोल की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये त्याला आपल्या संग्रहात घेतले.

खेळ मोफत, कोड बंद, आणि घरखर्च चाहत्यांच्या देणग्यांवर. असे सोळा वर्षे चालले. याच काळात झॅक यांना त्वचेचा कर्करोग झाला. अमेरिकेत औषधपाण्याचा खर्च किती जबर असतो हे सर्वांना ठाऊक आहे. देणग्यांवर असा खर्च पेलणार नाही हे दोघा भावांच्या लक्षात आले. त्यांनी किटफॉक्स या छोट्या प्रकाशकाशी हात मिळविले, खेळाला चित्रे जोडली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो स्टीमवर सुमारे ३० डॉलर किमतीला विक्रीस ठेवला. महिनाभरात सुमारे ५ लाख प्रती गेल्या. आधी देणग्यांतून महिन्याला १५ हजार डॉलरच्या आसपास येत. जानेवारी २०२३ च्या त्यांच्या जाहीर हिशेबात ७० लाख डॉलरहून अधिक जमा दिसली. अक्षरांचा जुना खेळ आजही मोफत मिळतो.

हा कोड पहिल्या दिवसापासून उघडा असता तर काय झाले असते? चित्रे जोडलेला खेळ दुसऱ्या कोणी आधीच काढला असता आणि कदाचित विकलाही असता. भावांकडे अडचणीच्या दिवशी विकण्याजोगे काही शिल्लक राहिले असते की नाही, हा प्रश्नच आहे. हाताशी ठेवलेला मालकी हक्क त्यांच्या बिकट काळात उपयोगी पडला.

पण हेही लक्षात घ्या की त्यांनी सगळेच कुलपात ठेवले नव्हते. प्राणी, धातू, झाडे यांची माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत होती, आणि ती कोणालाही बदलता येई. चाहत्यांनी त्यावर हजारो तऱ्हेचे बदल केले, चित्रांचे संच बनविले. विक्रीच्या आवृत्तीसाठी चित्रे लागली तेव्हा अशाच चाहत्यांतल्या कलाकारांना मोबदला देऊन काम दिले गेले. दुकान मालकाचे, पण ओटा सर्वांसाठी खुला. हा मधला रस्ता ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

काट्याचा प्रश्न

बंद पद्धतीच्या बाजूने आणखी एक दलील देतात. अनेक जण एकमेकांविरुद्ध खेळतात अशा खेळात कोड उघडला तर लबाडी वाढते. हे खोटे नाही. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने ‘क्वेक’ या खेळाचा कोड डिसेंबर १९९९ मध्ये जीपीएलखाली खुला केला. थोड्याच दिवसांत काहींनी आपल्याकडचा खेळ असा बदलला की नेम आपोआप लागू लागला.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. जलद खेळ चालावा म्हणून काही हिशेब खेळणाऱ्याच्या संगणकावर सोपविलेला होता. म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच्या काट्यावर स्वतःच माल तोलून न्यावा अशी व्यवस्था. काटा उघडून पाहता येत नव्हता तोवर झाकून गेले. उघडल्यावर लबाडी सोपी झाली. उलट नेटहॅकच्या सार्वजनिक सर्व्हरवर सगळा खेळ सर्व्हरवरच चालतो. खेळणाऱ्याकडे फक्त कळा आणि पडदा. तेथे कोड सर्वांना पाठ असला तरी वजनात फेरफार करता येत नाही. तेव्हा ज्याचा खेळ स्पर्धेचा आणि जलद आहे, त्याने हा धोका मोजावा. एकट्याने खेळायच्या खेळाला तो जवळजवळ नाही.

उघड्या दुकानातही पडदा असतो

आणखी एक फरक फार लोकांच्या ध्यानात येत नाही. माल उघडा असणे आणि कारखाना उघडा असणे या दोन गोष्टी आहेत. नेटहॅकचा कोड प्रत्येक आवृत्तीबरोबर सर्वांना मिळे. पण पुढच्या आवृत्तीत काय चालले आहे, हे त्याची मंडळी बरीच वर्षे बाहेर सांगत नसत. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये ‘कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध वाचला. नेटहॅकची मार्गदर्शिका मुळात याच गृहस्थांनी लिहिलेली होती. निबंधाचा मुद्दा असा: एक पद्धत मोठे चर्च बांधण्याची, जिथे थोडे निवडक कारागीर पडद्याआड काम करतात, दुसरी बाजाराची, जिथे काम चालू असतानाच सगळे पाहतात, बोलतात, हात लावतात. त्यांच्या मते चुका लवकर सापडतात त्या बाजारात.

आम्हा बाजारात बसणाऱ्यांना ही तुलना आवडावी, यात नवल नाही. पण बाजाराचा खर्चही आम्हालाच माहीत आहे. दहा माणसे दहा सल्ले देतात. कोणाचे काम घ्यायचे, कोणाचे परत करायचे, हे सांगणारा मुकादम लागतो आणि त्याचा दिवस त्यातच जातो. एकट्या माणसाला आपल्या मनातला खेळ आपल्याच रीतीने घडवायचा असेल, तर त्याने काही काळ पडदा लावून बसण्यात गैर काही नाही.

मनुष्यबळाच्या बाबतीत मात्र उघड्या पद्धतीचे बळ दिसते. ‘झिरो ए. डी.’ हा प्राचीन साम्राज्यांच्या लढायांचा खेळ २००१ मध्ये हौशी मंडळींनी हाती घेतला. आठ वर्षे त्यांनी बंद दारामागे काम केले. जुलै २००९ मध्ये कोड आणि चित्रे दोन्ही खुली केली आणि तेव्हापासून देशोदेशीचे स्वयंसेवक त्यावर काम करीत आहेत. पैसा मात्र सहज आला नाही. २०१३ मध्ये १ लाख ६० हजार डॉलरची वर्गणी मागितली, ती सुमारे ३३ हजारांवर थांबली. उघड्या खेळाला हात पुष्कळ मिळतात. पगार मिळेलच याची हमी नसते.

तरीही उघडा खेळ विकताच येत नाही असे नाही. ‘माइंडस्ट्री’ हा कारखाने आणि तटबंदीचा खेळ जीपीएलखाली आहे. अनुके या नावाने काम करणाऱ्या निर्मात्याने तो २०१९ मध्ये स्टीमवर विक्रीला ठेवला, आणि इतरत्र तो फुकटही मिळतो. लोक सोयीसाठी आणि निर्मात्याला हातभार म्हणून विकत घेतात.

गाठोड्यात कोणाकोणाचा माल?

कोड उघडायचे ठरविले तरी सगळे गाठोडे आपले असतेच असे नाही. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ या प्रसिद्ध खेळाचा कोड डिसेंबर १९९७ मध्ये दिला तेव्हा आवाजाचा भाग वगळावा लागला, कारण तो दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला होता. शिवाय पहिला परवाना फक्त बिगर-व्यापारी वापराचा होता. जीपीएल १९९९ मध्ये आला. आणि खेळातली चित्रे, मजले व संगीत कोडाबरोबर दिले नव्हतेच. ते आजही विकत घ्यावे लागते. ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ या छोट्या खेळाचे निर्माते टेरी कॅव्हना यांनी खेळाला दहा वर्षे झाल्यावर, जानेवारी २०२० मध्ये, असेच केले. कोड पाहायला दिला, पण कला स्वतःकडे ठेवली. ग्राफ द्यावा आणि रेशीम विकावे, असाच हा हिशेब.

लेखी नसले तर काय होते, तेही पाहा. ‘मोरिया’ हा खेळ रॉबर्ट कोनेके यांनी १९८३ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात लिहिला. कोड फिरला, अनेकांनी त्यात भर घातली. परवाना मात्र फक्त ‘नफ्यासाठी वापरू नये’ अशा धर्तीचा. पुढे तो जीपीएलखाली आणायचा म्हटले, तर प्रत्येक जुन्या लेखकाला शोधून संमती घेणे भाग पडले. २००८ मध्ये हे काम पार पडले, म्हणजे पंचवीस वर्षांनी. भागीदारीचा कागद पहिल्या दिवशी न केल्याचा हा परिणाम.

आपल्याकडचा कायदा

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत धरला आहे. नोंदणी केली नसली तरी लिहिताक्षणी हक्क लेखकाचा होतो. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणजे वारसांकडे जातो. आपल्या मुलाने बनविलेला खेळ ही घर-दुकानासारखीच वारशाची चीज आहे, हे वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे.

तीन गोष्टी विशेष जपाव्यात. एक, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसल्यास, मालकाचा ठरतो. नोकरीत असताना घरी खेळ बनविणाऱ्याने नेमणुकीचा कागद आधी नीट वाचावा. दोन, हक्क दुसऱ्याला विकून द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो, आणि मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. तीन, मित्राने चित्र काढले, दुसऱ्याने संगीत दिले, तर त्यांचा हक्क त्यांचा असतो. तोंडी ‘चालेल’ म्हणण्यावर व्यापार उभा करू नये.

आमचे मत

वाचक विचारतील, मग कोणता रस्ता धरावा? आमच्या मते प्रथम एक साधा फरक डोळ्यांसमोर ठेवावा. बंद ठेवलेला कोड उद्या, परवा, दहा वर्षांनी उघडता येतो. एकदा जीपीएलसारख्या परवान्याने दिलेला कोड, जितका दिला तितका, परत घेता येत नाही. म्हणून ज्याला या खेळावर रोटी कमवायची आशा आहे, त्याने घाई करू नये. त्याने ड्वार्फ फोर्ट्रेसप्रमाणे काही भाग लोकांना बदलता येईल असा ठेवावा आणि मूळ हातात राखावे.

ज्याला शिकायचे आहे, चार जाणकारांच्या नजरेखालून आपले काम जावे असे वाटते, किंवा एकट्याने जे झेपणार नाही ते उभारायचे आहे, त्याने पहिल्या दिवसापासून उघडे काम करावे. नवशिक्याचा पहिला खेळ कोणी चोरील ही भीती बहुधा व्यर्थ असते. कोणी पाहिलाच नाही, हे दुःख त्याहून मोठे असते. आणि उघड्यावर केलेले काम नोकरी शोधताना तयार नमुन्यासारखे दाखविता येते.

बंद रस्ता धरणाऱ्याने मात्र किल्लीची व्यवस्था केलीच पाहिजे. कोडाची पूर्ण प्रत, तो कसा चालवायचा याची टिपणे आणि संकेतशब्द हे एखाद्या विश्वासू माणसाकडे अमानत म्हणून ठेवावेत. आपण काम सोडले किंवा आपण राहिलो नाही, तर कोड कोणाला द्यायचा, विकायचा की सर्वांसाठी खुला करायचा, हे लिहून ठेवावे. दुकानाच्या उधारीची वही आपण मुलाला दाखवून ठेवतो, मग हुनराची वही का नाही?

हे केवळ संगणकवाल्यांसाठी नाही. ज्यांच्याकडे ठसे आहेत, नुस्खे आहेत, नक्षीचे ग्राफ आहेत, त्यांनीही या आठवड्यात बसून ठरवावे की काय दाखवायचे, काय राखायचे आणि राखलेले पुढे कोणाच्या हाती द्यायचे. कुलूप लावणे हा मालकाचा हक्क आहे. पण त्याची किल्ली आपल्याबरोबर मातीत जाऊ देणे हा कोणत्याच व्यापारात नफ्याचा सौदा नाही.